मदत हवी आहे: बांबू-प्लास्टिकच्या पेटंट अर्जावर हरकती आल्यात, उत्तर कसं द्यावं?

मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे. एक जुना ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून डायमधून, म्हणजे साच्याच्या तोंडातून, बाहेर ढकलणारं यंत्र), एक ग्राइंडर आणि हाताखाली दोन पोरं. द्राक्षबागांतून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या घ्यायच्या, धुवायच्या, त्यांचे दाणे करून विकायचे, हा मूळ धंदा. नवी बाग लावली की वेल बांधायला बांबूच्या काठ्या लागतात, आणि त्या काठ्यांना वर्ष-दोन वर्षांत वाळवी तरी लागते नाहीतर बुडाला कुजतात. म्हटलं, नळ्यांचं प्लास्टिक आपल्याकडं आहेच, त्यात बांबूची भुकटी घालून काठीच काढू.

पहिली काठी डायमधून बाहेर आली ती पावासारखी फुगलेली, आत सगळी भोकं. वास जळक्या गुळाचा. वर्षभर हेच चाललं होतं. शेवटी आमच्याकडं कामट्या देणाऱ्या बुरूडकाकांनी सहज विचारलं, "भिजवला होतास का?" ते लोक बांबू पाण्यात टाकून ठेवतात, म्हणजे भुंगा लागत नाही. मी कामट्या १२ दिवस हौदात ठेवल्या, दर तिसऱ्या दिवशी पाणी बदललं. पाणी चहासारखं व्हायचं आणि आंबूस वास यायचा. मग वाळवून दळल्या, भुकटी ओव्हनला सुकवली. आणखी एक गोष्ट केली. नळ्यांच्या दाण्यात एमएपीई (भुकटी आणि प्लास्टिक धरून ठेवणारं कपलिंग एजंट) आधीच मिसळून घेतलं आणि बांबू हॉपरमधून न टाकता बॅरलच्या मधल्या तोंडातून, १७५ अंशांच्या खाली सोडला. काठी गुळगुळीत आली.

एका एजंटाकडून २०२४ च्या जूनमध्ये अर्ज केला. बायको सहअर्जदार आहे, त्यामुळं फॉर्म १८ए भरून लवकर तपासणी मागता आली. आता एफईआर (पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल) आलाय, २१ फेब्रुवारीच्या तारखेचा. हरकती अशा:

पूर्वीचे दोन दस्तऐवज दिलेत, दोन्ही चिनी. डी-१ मध्ये बांबू भुकटी, पॉलिथिलीन आणि एमएपीई आहे. डी-२ मध्ये बांबू आधी धुवून घेण्याचं आहे. म्हणून दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज सुचेल, असं म्हणणं. मग पेटंट कायद्याचं कलम ३ (ई), म्हणजे नुसतं मिश्रण, त्याला पेटंट नाही. कलम ३ (पी), बांबू भिजवणं हे पारंपरिक ज्ञान. आणि जैवविविधता प्राधिकरणाचं काय, ते सांगा.

एजंट म्हणतो, "बघू, लिहू काहीतरी." या "काहीतरी"चीच मला भीती वाटते. अर्ज लिहिताना चाचणीची वही मी त्याला दाखवली होती, त्यानं ती घेतलीच नाही. अर्जात एवढीच ओळ आहे की "तयार वस्तू पाणी कमी शोषते". वहीतलं हे असं: ५० ग्रॅमचा तुकडा, २४ तास पाण्यात, पुसून सोनाराच्या काट्यावर वजन.

न भिजवलेला बांबू, एमएपीई नाही: ५२.४
भिजवलेला, एमएपीई नाही: ५२.०
न भिजवलेला, एमएपीई आहे: ५१.७
भिजवलेला, एमएपीई आहे: ५०.७

हे आकडे आता देता येतात का? की वेळ गेली?

कलमकारकून: वेळ गेलेली नाही. उत्तराला एफईआरच्या तारखेपासून ६ महिने असतात, म्हणजे तुम्हाला २१ ऑगस्ट. कमी पडले तर ते संपायच्या आत फॉर्म ४ भरून ३ महिने वाढवून मिळतात. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात, तेव्हा एजंटावर विसंबून राहू नका, तारीख स्वतः लिहून ठेवा.

आता तुमचे आकडे. अहो, तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हालाच दिसलेलं नाही. नुसतं भिजवल्यानं वजन ०.४ नं कमी झालं. नुसत्या एमएपीईनं ०.७ नं. दोन्हींची बेरीज १.१. पण दोन्ही एकत्र केल्यावर फरक पडला १.७ चा. ३ (ई) मध्ये हरकत असते ती गुणांची नुसती बेरीज होणाऱ्या मिश्रणावर आणि ते मिश्रण करण्याच्या पद्धतीवर. तुमच्याकडं बेरजेपेक्षा जास्त आहे. उत्तराचा कणा हाच. डी-१ आणि डी-२ जोडण्याच्या हरकतीलाही हेच लागू पडतं, कारण जोडल्यावर एवढा फरक पडेल हे त्या दोन्हींत कुठं लिहिलंय ते तपासणाऱ्याला दाखवावं लागेल. आधी दोन्ही दस्तऐवजांचं भाषांतर स्वतः वाचा. डी-२ मध्ये धुणं किती वेळ आणि कशासाठी, हे बघा. तासभर धूळ काढायला धुणं वेगळं आणि १२ दिवस साखर-स्टार्च उतरवणं वेगळं.

आकडे अर्जाच्या मजकुरात घुसडायला जाऊ नका. कलम ५९ नं नवी बाब आत घेता येत नाही. ते उत्तरासोबत शपथपत्रावर द्यायचे. "पाणी कमी शोषते" ही ओळ अर्जात आहे हे तुमचं नशीब. आकडे त्या ओळीचा पुरावा म्हणून जातात. ती ओळ नसती तर मीही हात वर केले असते.

३ (पी) बद्दल: भिजवण्यावर दावा सांगूच नका. बुरूड भिजवतात भुंग्यासाठी, तुम्ही भिजवताय चिकटण्यासाठी. दावा क्रमांक १ (नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणारा अर्जातला मजकूर) आकसून घ्या. दिवसांची मर्यादा, एमएपीई आधी मिसळणं, मधल्या तोंडातून बांबू, तापमान, हे सगळं एकाच दाव्यात. मधलं तोंड एकटं जुनंच आहे, त्यावर भांडू नका. आणि हे सगळं मूळ वर्णनात असलं पाहिजे, आहे ना?

कुपवाडकर (धागाकर्ता): आहे, तेवढं त्यानं लिहिलंय. पान ६ वर.

पाटणचा_मेस: पेटंटातलं मला कळत नाही, पण बांबू कुठला? आमच्या खोऱ्यातला असेल तर प्राधिकरणाचं सोपं समजू नका. माझ्या मेव्हण्याचा अर्ज सगळं होऊन त्या एका कागदासाठी अडकून बसला होता.

कलमकारकून: बरोबर. जैवविविधता कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. भारतीय अर्जदारानं पेटंट मंजूर होण्याआधी प्राधिकरणाकडं नोंदणी करायची, कार्यालय चेन्नईला आहे. एफईआरचं उत्तर जायची वाट बघू नका, आजच सुरू करा आणि अर्ज केल्याची पावती उत्तराला जोडा. बांबू कुठून येतो तेही अर्जात सांगावं लागतं. काकांना विचारून गावाचं नाव घ्या, "स्थानिक बाजार" असं मोघम नको.

जुना_मिरजकर: एक आगाऊ प्रश्न. अर्जाआधी या काठ्या कुणाला दिल्या होत्या का? इथं लिहिण्याआधी विचार करा.

कुपवाडकर: लिहूनच बसलो असतो, बरं झालं विचारलंत. तासगावच्या एका बागायतदाराला २०० काठ्या दिल्या होत्या, अर्जाच्या चारेक महिने आधी. उन्हापावसात टिकतात का बघायला. पैसे घेतले नाहीत, टेंपोच्या डिझेलचे तेवढे घेतले.

जुना_मिरजकर: मग जरा बरं आहे. कलम ३२ मध्ये अर्जाच्या आधीच्या वर्षभरात निव्वळ वाजवी चाचणीसाठी उघड्यावर केलेल्या वापराला सूट आहे. उघड्यावर करणं गरजेचं होतं, एवढं दाखवायचं. काठी बागेतच उभी करावी लागते, शेडात नाही. शिवाय काठी बघून कामट्या १२ दिवस भिजवल्या होत्या हे कुणाला कळणार? तरी डिझेलची ती पावती आणि बागायतदाराशी झालेले मेसेज जपून ठेवा, आणि एजंटाला हे आधीच सांगा. सुनावणीत त्याला पहिल्यांदा कळायला नको.

कलमकारकून: सुनावणीवरून आठवलं. उत्तराच्या शेवटी "अर्ज नाकारण्यापूर्वी सुनावणीची संधी द्यावी" हे वाक्य टाकाच. मुंबईला अँटॉप हिलला जावं लागत नाही, व्हिडिओवर होते. आणि वहीत एका प्रकाराचा एकच तुकडा मोजलाय का? एकाच तुकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. चारही प्रकारांचे प्रत्येकी पाच करा. जमलं तर एएसटीएम डी ५७० (प्लास्टिक किती पाणी शोषतं ते मोजायची प्रमाण पद्धत) प्रमाणे एखाद्या एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून करून घ्या, त्या कागदाला वजन असतं. आणि जुनी वही नव्यानं सुवाच्य लिहून काढू नका. डागांसकट तशीच ठेवा.

कुपवाडकर: वहीवर डाग आहेतच, हौदाचं पाणी सांडलेलं. काल रात्री वीस तुकडे कापले. बायकोनं चार रंगांचे दोरे बांधले, लाल म्हणजे न भिजवलेला आणि बिनएमएपीईचा. सगळे बादलीत सोडले. आता एक घोळ झालाय. एकोणीस तळाला गेले, लाल दोऱ्यातला एक तरंगतोय. कापून बघितलेला नाही, पण आत भोकं असणार. वर दगड ठेवून बुडवू, की तो वगळून दुसरा घेऊ?

कलमकारकून: वगळू नका. जाळीखाली दाबून सगळे सारखे बुडवा, आणि तो तरंगत होता हे वहीत वेळेसकट लिहा. आधी फोटो काढा.