कुलमुखत्यारपत्र: कॉन्सुलेट की अपोस्टिल? (गुरुवारच्या आत!)

नीलिमा, मिसिसागा
मंडळी, तातडीचं आहे. दादा गुरुवारी रात्री निघतोय, कागद त्याच्याच हाती द्यायचाय. देवरुखची जमीन, मागच्या गणपतीत बोलले होते तीच. सातबाऱ्यावर अजून थोरल्या काकांचंच नाव, पुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर). काका मार्चमध्ये गेले आणि आता चुलतभाऊ फक्त स्वतःची वारसनोंद घालतायत. फेरफाराची (सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची) नोटीस निघालीय, हरकतीला १५ दिवस. तिथे मावसभावाला मुखत्यार नेमायचंय. कॉन्सुलेटची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळतेय. काय करू? त्याऐवजी अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणपत्र) चालेल का?

सुहासकाका
नीलिमा, कॉन्सुलेटशिवाय गत्यंतर नाही. कॅनडा अपोस्टिलवाल्या देशांत नाही. चिपळूणच्या घराच्या वेळी आम्ही तिघं भावंडं बर्फातून गेलो होतो, फोटो चुकीच्या मापाचे म्हणून परत पाठवलं. नोव्हेंबरच्या कॅम्पमध्ये विचारून बघ.

रोहित
काका, ते जुनं झालं. ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडातही अपोस्टिल लागू आहे. नोटरीसमोर सही, मग प्रांत सरकारचं अपोस्टिल. आणि नोव्हेंबरचा कॅम्प पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी असतो.

सुहासकाका
हयातीचा दाखला मीच आणतो दरवर्षी, मला माहीत आहे.

मंदाताई
अपोस्टिल चालतं, पण आमच्या वेळी खिडकीवरचा माणूस कागद उलटसुलट करून म्हणाला, “गोल शिक्का कुठाय?” अर्धा दिवस गेला. मावसभावाला सांगून ठेव. खरी गोम पुढे आहे: परदेशात केलेल्या कागदावर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कधी पोचला याचा पुरावा मागतात. दादाला म्हणावं, बोर्डिंग पास फेकू नकोस.

आणि मसुदा कुणी दिलाय? चुलतभावानं दिला असेल तर ‘सर्व अधिकार’ शोध. माझ्या आत्यानं अशीच “नुसती सही” केली. दोन महिन्यांनी तिच्या नावचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं निघालं. दिवाळीला ओटीत नारळ मिळाला, बाग गेली.

रोहित
+१. शिवाय हरकतीला मुखत्यार कशाला? तू स्वतः लेखी हरकत पाठव, पोच घे. हरकत आली की नोंद तक्रारी रजिस्टरला जाते, तलाठी परस्पर उरकू शकत नाही. सातबाऱ्यावर काकांच्या नावाशेजारी कंसात फेरफार क्रमांक असेल, तो जुना उतारा काढ. एकुमॅ म्हणजे कर्ता, मालक नव्हे. बाकी भावांची नावं त्यात सापडू शकतील.

स्मिता
पण नीलिमाचे बाबा १९९८ ला गेले ना? मग मुलीला कुठे हक्क? आमच्या वकिलांनी सांगितलं होतं, मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती २००५ ला आली तेव्हा वडील हयात हवेत.

मंदाताई
ते मोडीत निघालं, स्मिता. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्मानं, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी.

स्मिता
आणि कॅनेडियन नागरिकाला शेतजमीन चालते?

रोहित
विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच.

सचिव
ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे. कायद्याची चर्चा ‘मदत’ लिस्टवर न्यावी. कोजागिरीच्या मसाला दुधाची वर्गणी २३ जणांची बाकी आहे.

मंदाताई
ढोलपथकाच्या पार्किंगवर ४० मेल पडल्या तेव्हा लिस्ट कशासाठी होती?

नीलिमा
नोटरी उद्या साडेचारला मिळाला. हरकत आज रात्री पाठवते. मसुदा चुलतभावाचाच होता, ‘सर्व अधिकार’ तिसऱ्याच ओळीत सापडलं. खोडून ‘वारसनोंद, हरकत व उतारे काढणे एवढेच, हक्कसोड, विक्री, गहाण नाही’ असं लिहिलंय. कुणी साक्षीदार म्हणून येईल का? दोघं हवेत. चहा माझ्याकडे.

सुहासकाका
सचिव, माझी वर्गणी चेकनं दिली आहे. पावती नाही. नीलिमा, मी येतो. फोटोचं माप विचारून ठेव.