‘गेले’, ‘वारले’, ‘दगावला’, ‘गचकला’ – कुणासाठी काय म्हणायचं?

शब्द सगळ्यांच्या ओळखीचेच आहेत, पण यांच्यावर नीट चर्चा व्हायला पाहिजे असं बरेच दिवस वाटतंय. कुणी नट गेला, पुढारी गेला, जुना क्रिकेटर गेला की अर्ध्या तासात आमच्या सोलापूरच्या ग्रुपांवर दोनच प्रकारची मराठी दिसायला लागते. एकीकडं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’, ‘काळाच्या पडद्याआड’. दुसरीकडं ‘गचकला बे’, ‘अजून एक विकेट’, ‘ढगात गेला की रे’. मधली साधी मराठी, म्हणजे नुसतं ‘गेले’ किंवा ‘वारले’, ती कुणी टाइपच करत नाही. मला ती मधली मराठी परत हवी आहे, आणि त्यासाठी हे शब्द एकमेकांपासून वेगळे कुठं होतात ते बघू.

आधी टवाळ शब्द. गचकणे, खपणे, टपकणे, उलथणे. हे सगळे एकाच मापाचे नाहीत. ‘गचका’ गाडीलाही बसतो, त्यामुळं ‘गचकला’मध्ये अचानकपणा आहे, चालता चालता थांबला असा. ‘उलथला’मध्ये सरळ राग आहे, नकोसा माणूस होता हे त्या क्रियापदातच येतं. आणि ‘खपला’ तर मुळात टवाळ नाहीच. माल खपतो, माणूस शेतात खपतो, आणि जुन्या मराठीत लढाईत माणसं खपली असं अगदी गंभीरपणे लिहायचे. पानिपताची बातमी आली तीसुद्धा बघा ना, ‘दोन मोती गळाले’. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले हे सांगायला मेला, वारला, निधन यातलं काहीच वापरलेलं नाही, तरी ऐकणाऱ्याच्या काळजात कळ गेली असेल. तेव्हा शब्द जड असला म्हणजेच दुःख पोचतं असं काही नाही.

ग्रुपवर एकानं विचारलं होतं की ‘लता गेली’ असं एकेरीत लिहिलं तर अपमान होतो का. माझं स्पष्ट मत, होत नाही. मराठीत एकेरी दोन प्रकारची असते, एक तुच्छतेची आणि एक जवळिकीची. लता गायली, सचिन खेळला, लक्ष्या हसवून गेला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय आणि त्यात प्रेमच आहे. 2004 च्या डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा लोक ‘लक्ष्या गेला’ असंच म्हणाले, ‘लक्ष्मीकांतजींचं देहावसान झालं’ असं म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. पण तिथंच क्रियापद बदला, ‘लक्ष्या गचकला’ म्हणा, की जवळीक संपली. म्हणजे अनादर एकेरीत बसलेला नाही, तो क्रियापदात आहे. हे लक्षात ठेवलं तर निम्मे वाद मिटतील, कारण दर वेळी कुणीतरी ‘अहो आदरार्थी लिहा’ म्हणून भांडत असतं आणि खरा त्रास देणारा शब्द बाजूलाच राहतो.

आता माझा मुख्य मुद्दा. टवाळ क्रियापद फक्त लांबच्या माणसाला लागतं. पडद्यावरचा नट, परराज्यातला मंत्री, परदेशातला कुठला राजा, यांच्यावर ‘विकेट पडली’ सहज येतं, कारण त्यांच्या घरातलं कुणी आपल्या ग्रुपवर नसतं. 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, मालकाच्या घरची माणसं आणि कामगार मिळून आठ जण गेले. त्या दिवशी याच ग्रुपांवर, ज्यांच्यावर आदल्या आठवड्यात नटांवरून विनोद चालले होते, एकानंही तसला शब्द टाकला नाही. ‘गेले’, ‘वाचले नाहीत ओ’, ‘लेकरंपण गेली’ इतकंच. म्हणजे साधी मराठी आपल्याला येते, विसरलेलो नाही. मग जो माणूस लांबचा आहे त्याच्याही घरी त्या दिवशी तेच चाललेलं असतं, एवढं ध्यानात घेऊन तोच साधा शब्द त्यालाही द्यायला काय हरकत आहे?

आणि हो, पेपरची भाषाही यात निर्दोष नाही. नीट वाचा. मोठ्या माणसाचं ‘निधन’ होतं, साध्या माणसाचा ‘मृत्यू’ होतो, ट्रकखाली सापडलेला ‘ठार’ होतो आणि सरकारी दवाखान्यातला पेशंट ‘दगावतो’. मरण एकच, पण शब्द ऐपतीप्रमाणं. ‘ठार’ला मागं आकडा लागतो, ‘निधन’ला मागं फोटो लागतो. दगावणे हा शब्द खरं तर फार हळवा आहे, मूल दगावलं, बैल दगावला, म्हणजे जगेल अशी आशा होती आणि दगा झाला. तो आता बातमीत निर्विकारपणे वापरतात याचं मला वाईट वाटतं. अपघातात गेलेल्या ऊसतोड मजुराचं ‘निधन’ झालं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला विचित्र वाटतं, आणि ते विचित्र वाटणं हाच खरा चर्चेचा विषय आहे.

निधनवार्तेच्या चौकटीबद्दलही थोडं. आपल्याकडं सकाळी पेपर हातात घेतला की आधी निधनवार्ता बघणारी ज्येष्ठ मंडळी घरोघर आहेत, अंत्ययात्रा किती वाजता, मोदी स्मशानभूमी की रूपाभवानी, हे बघूनच पुढचा दिवस ठरतो. त्या चौकटीत एक क्रियापद जिवंत राहिलंय, ‘ते अमुक यांचे वडील होत’. ‘होते’ नाही, ‘होत’. बोलण्यातून हे रूप कधीच गेलं, पण निधनवार्तेत टिकलं. मला ते फार आवडतं, कारण ‘होते’ म्हटलं की नातं भूतकाळात जातं आणि ‘होत’मध्ये ते अजून चालू असतं. बाप गेला तरी बापच असतो की. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्यही साचेबंद असलं तरी वाईट नाही, त्यात निदान माहिती आहे. वाईट काय, तर बाई गेली की तिच्याबद्दल फक्त ती कुणाची आई आणि कुणाची सासू होत एवढंच येतं. आयुष्यभर विड्या वळून घर उभं केलं त्या बाईच्या हाताबद्दल एक शब्द नाही. त्यातल्या त्यात एवढं तरी करा, घरच्यांनी मजकूर देताना ती काय करायची ते एका ओळीत सांगा.

‘दुःखद निधन’ मधला ‘दुःखद’ काढला तरी चालतो, निधनात दुःख आलंच. ‘अल्पशा आजाराने’ला माझा विरोध नाही, घरच्यांना आजाराचं नाव सांगायचं नसेल तर तो आडोसा त्यांचा हक्क आहे.

‘अनंतात विलीन’ मात्र चुकीच्या जागी फार दिसतं. याचा अर्थ मेला असा नाही, अंत्यसंस्कार झाले असा आहे. 6 फेब्रुवारी 2022 ला लताबाई सकाळी मुंबईत गेल्या आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. सकाळची बातमी ‘निधन’, संध्याकाळची बातमी ‘अनंतात विलीन’. लोक सकाळीच अनंतात विलीन करून मोकळे होतात, देह अजून घरात असतो.

तसंच ‘श्रद्धांजली’ आणि ‘अभिवादन’. आपल्या चौकातले फ्लेक्स बघा, जयंतीलासुद्धा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापलेलं असतं. जयंती म्हणजे जन्म, तिथं अभिवादन. 12 जानेवारीला आपण सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना आठवतो, 1931 साली त्याच तारखेला येरवड्यात त्यांना फाशी दिली. तिथंही ‘पुण्यतिथी’पेक्षा ‘हुतात्मा दिन’ आणि ‘अभिवादन’ हेच शोभतं. त्यांना कुणी ‘कै.’ लावत नाही, नुसतं ‘हुतात्मा’ म्हटलं की पुरतं.

‘कै.’वरून आठवलं, सोलापुरात एकाच गल्लीत मरणाचे किती शब्द आहेत बघा. कैलासवासी शैवांचा, वैकुंठवासी वारकऱ्यांचा. लिंगायत घरात माणूस ‘लिंगैक्य’ होतो, ‘शिवैक्य’ होतो, कारण तिथं जाणं नाहीच, एक होणं आहे. मुस्लिम शेजाऱ्यांकडं ‘इंतकाल’ झाला, आणि मराठी पत्रिकेत ‘पैगंबरवासी’. बौद्ध घरांत ‘कालकथित’, हा तर किती नेमका शब्द आहे, आणि बाबासाहेबांसाठी फक्त ‘महापरिनिर्वाण’. यातला कुठलाही शब्द दुसऱ्या घरात वापरला की खटकतो. म्हणून जाहीर ठिकाणी ‘दिवंगत’ बरा, तो सगळ्यांना चालतो, आणि बोलताना ‘गेले’ त्याहून बरा.

‘आरआयपी’ लिहावं की ‘ॐ शांती’, हा वाद तर दर मरणाला नव्यानं होतो. ‘आरआयपी’ ही मूळ लॅटिन प्रार्थनेची आद्याक्षरं, इंग्रजीतही तीच जुळली म्हणून टिकली. प्रार्थना आहे, ज्याला म्हणायची त्यानं म्हणावी. माझा आक्षेप धर्मावरून नाही, तीन अक्षरात उरकण्यावर आहे. ॐ शांतीसुद्धा फॉरवर्ड करून उरकता येतंच. जाणाऱ्याबद्दल एक खरं वाक्य लिहा, त्याचं कुठलं काम आवडलं, कुठं बघितलं होतं, मग खाली काहीही लिहा.

शेवटचा प्रकार म्हणजे माणूस जिवंत असताना वाहिलेली श्रद्धांजली. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये विक्रम गोखले पुण्यात दवाखान्यात होते तेव्हाच ते गेल्याची बातमी फिरली, घरच्यांना नाही म्हणून सांगावं लागलं, आणि ते प्रत्यक्ष गेले 26 तारखेला. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्रबद्दल अगदी तेच झालं, हेमामालिनी आणि मुलीला जाहीर खुलासा करावा लागला, आणि 24 तारखेला ते खरंच गेले. जुन्या लोकांत समज आहे की मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. एखाद्याच्या अंगाला कावळा शिवला तर तो अपशकुन मानून त्याच्या नातेवाइकांना तो गेल्याची मुद्दाम खोटी बातमी कळवायचे, त्यांनी रडून घेतलं की संकट टळलं. पण त्यात निदान माणूस वाचावा ही इच्छा होती. आताच्या खोट्या बातमीत पहिला नंबर लावायची घाई आहे, आणि दवाखान्याच्या दारात बसलेल्या लेकीला आपल्या बापाचं मरण फोनवर वाचावं लागतं. याला ‘अफवा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. कुणाला याहून नेमका मराठी शब्द सुचत असेल तर जरूर सांगा.

आणि अशोक चौक, भद्रावती पेठ, विडी घरकुलकडच्या पद्मशाली मंडळींनी तेलुगूतलं सांगावं. तिकडं ‘पोयारू’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘गेले’च. कन्नडमध्ये ‘होदरू’ म्हणजेही तेच. अक्का, अण्णा, तुमच्या घरात म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लेकरांसाठी वेगवेगळे शब्द आहेत का? असतील तर कुठला कधी वापरायचा तेही लिहा.