एका गणपतीचे नऊ कसे करू?

रामबाग, इंदूरहून विचारतोय. आरासीसाठी स्लाइडवरचा गणपती भिंतीवर नऊ वेळा पाडायचाय. भिंगापुढे मिलिमीटरला १०० रेषांच्या दोन जाळ्या (उजेड वेगवेगळ्या दिशांना वळवून प्रती पाडणाऱ्या) आडव्या-उभ्या धरल्या. मधला लखलखीत, बाजूचे फिके, सोंडेला जांभळी किनार! आई म्हणते, आरसे लाव.

– दिवा पांढरा ना? जाळीतून उजेड वळण्याचा कोन रंगागणिक बदलतो. एका मीटरवर लाल (तरंगलांबी ६५० नॅनोमीटर) साडेसहा सेंमी सरकतो, निळा (४५०) साडेचारच. एकरंगी फिल्टर लावा. आणि चित्र लहान ठेवा, नाहीतर सोंडा एकमेकींत अडकतील.

– फिकेपणा तरी राहणारच. सगळ्या प्रतींना उजेड समान वाटून देणारी जाळी डामान आणि गोर्टलर या संशोधकांनी १९७१मध्ये मांडली. खाचांच्या जागा हिशेबाने ठरवलेल्या. घरी जमणं कठीण.

– हिरवा जिलेटिन कागद लावला. किनार गेली. नऊही गणपती हिरवे, आई खवळलीय.