कळमन्याची पट्टी आणि पेटंट

‘पेटंट नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये पैसा कोण घालणार, नोकऱ्या कुठून येणार?’ असं सॉफ्टवेअर पेटंटच्या बाजूने म्हटलं जातं; हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. २००४ च्या वटहुकुमाने ते दार किलकिलं केलं होतं, २००५ मध्ये संसदेने पुन्हा लावलं. त्या काळात आयटीतल्या नोकऱ्या काही थांबल्या नाहीत.

आपल्या नागपुरातलंच बघा. कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यासाठी एखादी पाच-सात पोरांची कंपनी पट्टीचं, म्हणजे शेतमाल विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर बनवते: वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या मोबाइलवर रक्कम. या पद्धतीवरच कुणी वीस वर्षांचा हक्क सांगितला, तर ती कंपनी पोरांचे पगार करेल की वकिलाची फी भरेल? ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत ॲमेझॉनने १९९९ मध्ये ‘एका क्लिकमध्ये खरेदी’चं पेटंट मिळवलं आणि महिनाभरात बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं.

कोड चोरला तर कॉपीराइट आहेच, तोही नोंदणीशिवाय. यंत्रासकट काही खरोखर नवं घडवलं असेल, तर पेटंट जरूर द्या. पण हिशेबाच्या रीतीवर मालकी नको.