पहिला खर्डा झाला, आता पुनर्लेखन कुठून सुरू करावं?

माळरान:
कादंबरीचा पहिला खर्डा तयार आहे. १,१०,००० शब्द, ४६ प्रसंग. काळ १९९३, किल्लारी भूकंपाच्या आगेमागचा. गाव काल्पनिक, औसा-उमरगा पट्ट्यातलं. निवेदन तृतीयपुरुषी, संवाद बोलीत. भूकंप ५८,००० शब्दांनंतर येतो. पहिली तीन प्रकरणं सहा वेळा घासून झालीत, पुढचं सगळं कच्चं आहे. आधी काय हाती घ्यावं? शुद्धलेखन कधी तपासून घ्यावं?

उंबरठा:
वाक्यांना हात लावणं आधी थांबवा. जे प्रकरण जास्त घासलं जातं तेच काढायची वेळ आली की हात धजत नाही, आणि सुरुवातीची प्रकरणंच बऱ्याचदा काढावी लागतात.

संहिता निदान तीन आठवडे बाजूला ठेवा. मग वेगळ्या फाँटमध्ये छापून, हातात पेन न घेता, दोन-तीन दिवसांत सलग वाचा. त्यानंतर प्रसंगांचा तक्ता करा. ४६ ओळी, रकाने तारीख-वार, जागा, कोणाच्या नजरेतून, शब्दसंख्या आणि ‘या प्रसंगामुळे काय बदललं’. शेवटचा रकाना एका वाक्यात भरता येत नसेल तर तो प्रसंग शेजारच्यात मिसळा किंवा काढा. काढलेला मजकूर वेगळ्या फाइलीत राहू द्या.

५८,००० शब्द मला जास्त वाटतात. किल्लारी म्हटल्यावर काय होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्यामुळे आधीच्या भागाचा सगळा ताण कोणाचं काय अर्धवट राहणार यात आहे: उसनवारी, ठरलेली सोयरीक, भावकीतली वाटणी. अशा प्रत्येक धाग्याला तक्त्यात रंग द्या. भूकंपानंतर जो रंग एकदाही दिसत नाही, तो धागा आधीच्या भागात छाटा. एवढ्यानेच भूकंप बराच अलीकडे सरकेल.

जुनं_पंचांग:
तारखेचा रकाना हलक्यात घेऊ नका. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण आणि त्या वेळी पश्चिमेकडे उतरलेला. खर्ड्यात ‘मिट्ट काळोख’ असेल तर आभाळ भरलेलं दाखवा, नाहीतर शब्द बदला.

घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार, म्हणून माणसं ढिगाखाली गाडली गेली. ‘स्लॅब कोसळला’ हे सरसकट लिहू नका. मोबाइल सेवा १९९५ ची. निरोप एसटीडी बूथवरून किंवा माणूस धाडूनच जाईल. सरकारी कागदावर आणि एसटीच्या पाटीवर उस्मानाबादच हवं.

आणखी एक तक्ता संबोधनांचा: कोण कोणाला तू, तुम्ही, कोणती हाक. बोलीचाही असाच. एखाद्या पात्राच्या तोंडी ‘काय करूलालास’ असेल, तर दहा प्रकरणांनंतर कारण नसताना ‘काय करतोयस’ येता कामा नये. खर्डा महिनोन्‌महिने चालतो, तेव्हा हे हमखास सुटतं.

शीर्षबिंदू:
शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. मात्र निवेदनात ‘केलं, घरं’ की ‘केले, घरे’ हे आत्ताच ठरवा. मिसळ झाली असेल तर ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. ‘केलेला’चं ‘केलंला’ होईल. शिवाय ‘त्याने दोन फोन केले’ यातलं ‘केले’ पुल्लिंगी अनेकवचन आहे, ते तसंच राहायला हवं. एकेक जागा बघूनच बदला.

शब्दांच्या सवयी शोधा: जणू, नकळत, क्षणभर, एकदम. ‘तो’ शोधलात तर ‘म्हणतो’, ‘होतो’ही सापडतील, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून शोधा, पण स्वल्पविरामाला चिकटलेले त्यात येत नाहीत. ‘होता-होती’वर संपणारी चार वाक्यं लागोपाठ आली तर मोठ्याने वाचताना लगेच कानाला टोचतात. रोजच्या क्रियेसाठी ‘बसत होता’ऐवजी ‘बसायचा’ किंवा ‘बसे’ चालतं का बघा.

माळरान:
तक्ता आजपासून घेतो. भूकंपानंतर सोयरिकीच्या धाग्याला खरंच एकही प्रसंग नाही. प्रूफाच्या वेळी बदल करता येतात का?

खिळे_आणि_शाई:
चुका दुरुस्त करा, नवीन परिच्छेद घालू नका. डेमी आकारात पानाला २८० शब्द धरले तर १,१०,००० शब्दांची साधारण ३९३ पानं होतात. १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे २५ फॉर्मची ४०० पानं. शीर्षकाची, अर्पणपत्रिकेची पानं त्यातच. चार पानं वाढली की पुढचा फॉर्म लागतो.

युनिकोडमधली संहिता जुन्या फाँटमध्ये नेली जाणार असेल तर ‘दुसऱ्या, तऱ्हा, ऱ्हास’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द पहिल्या प्रूफात एकेक करून तपासा. मोडतोड बहुधा तिथेच होते. दुसरं प्रूफ संहिता आधी न वाचलेल्या माणसाकडे द्या. लेखकाचे डोळे गाळलेला शब्दही वाचून जातात.