आईचं विसरणं उदासीमुळे की आजीकडून आलेलं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. आई ६९ वर्षांची. दीड वर्षापूर्वी बाबा गेले, तेव्हापासून ती गप्प गप्प असते. पहाटे तीनलाच जागी होते, जेवण दोन घासांवर आलंय. एकही संकष्टी न चुकवता गणपती मंदिरात जायची, आता "तूच जाऊन ये" म्हणते.

हे सगळं दुःखामुळे असेल असं धरून चालले होते. पण गेल्या महिन्यात दूधवाल्याने पैसे परत आणून दिले, "काकूंनी दोनदा दिले" म्हणून. दुधाचा हिशोब आई वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. पान बघितलं तर एकाच तारखेला दोनदा "दीड लिटर" आणि पुढचे नऊ चौकोन कोरे. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले.

आजीला, म्हणजे आईच्या आईला, पंचाहत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटी तिने आईलाही ओळखलं नाही. त्यामुळे आईच्या मनाने घेतलंय की "आमच्या रक्तातच आहे ते". पुण्याचा भाऊ म्हणतो, जनुकीय चाचणी करू, एकदाचं कळेल.

मला ते पटत नाही. एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार एका पालकाकडून आला तर अल्झायमरचा (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) धोका साधारण दोन-तीन पट होतो, दोघांकडून आला तर बराच जास्त. तरी तो असूनही आजार न झालेले आहेत, आणि नसताना झालेलेही. थेट पिढीजात उतरणारा प्रकार फार विरळा, तोही बहुधा साठीच्या आतच दिसतो. मग तो रिपोर्ट घेऊन आईचं काय भलं होणार? नैराश्यावर निदान उपचार तरी आहेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ बदलता येण्याजोगे धोके सांगितले, त्यात नैराश्य आहे. कमी ऐकू येणंही आहे (आई हल्ली टीव्ही फार मोठ्याने लावते).

माझा जीव अडकलाय तो इथे: उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाचीच सुरुवात असते, तर कधी नुसत्या नैराश्यानेच माणूस विसरतो आणि उपचारांनी सुधारतो. घरच्यांना हे कसं ओळखू यावं?

नेहमीच्या डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलंय, सोमवारी रक्त देतोय. त्यानंतर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं की न्यूरोलॉजिस्टकडे? सांगली-मिरजेत कुणी घरच्या वडीलधाऱ्यांना नेलं असेल तर त्यांना तयार कसं केलंत? "मी काय वेडी आहे का?" असं आई म्हणाली की मला पुढे बोलताच येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी स्वतः बोलले, पण ती फोन हातात घेत नाही.

आणि औषध सुरू केल्यावर कुणाच्या घरी विसरणं कमी झालं असेल, तर किती आठवड्यांनी फरक दिसला तेही लिहा.