पेज जेवणाऱ्याला लेप्टो होत नाही, असे म्हणणाऱ्यांस

कुडाळचा निवृत्त आरोग्यसेवक

‘भारंगी’ यांचा परवाचा लेख माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपले आजे-पणजे उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि ताजी मासळी खात, म्हणून रोग त्यांच्या वाऱ्याला उभे राहत नसत, आजचे सगळे रोग, पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिसचा ताप म्हणजे लेप्टोसुद्धा, साखर आणि मैद्याने पोखरलेल्या शरीरालाच होतात, तेव्हा लावणीच्या दिवसांत लेप्टो टाळण्यासाठी आरोग्य केंद्र वाटते त्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळीमागे धावण्यापेक्षा ताट सुधारावे. आजे-पणज्यांच्या भागावर मी गप्प बसलो असतो. शेवटच्या वाक्यावर बसवत नाही, कारण पाऊस तोंडावर आहे आणि हे वाचून गोळी कोनाड्यात ठेवून देणारे लोक मला ठाऊक आहेत.

लेप्टोचा जंतू उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या लघवीतून मळ्यात उतरतो, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे टिकतो आणि पायाच्या चिरेतून, खरचटलेल्या हातातून किंवा डोळ्यांत उडालेल्या चिखलातून शरीरात शिरतो. त्या वाटेवर पोट लागतच नाही. आता जरा पाहा, हा ताप कोणाला येतो? आवण म्हणजे भाताची रोपे काढायला पहाटे वाकलेल्या बाईला, चिखलणीला उतरलेल्या गड्याला. हीच माणसे अजून पेज जेवतात, चालतात, घाम गाळतात. भारंगींनी वर्णिलेले आदर्श जीवन जगणारेच लेप्टोने आजारी पडतात आणि बेकरीवर जगणारा कचेरीतला माणूस बहुधा सुटतो, याचा मेळ त्यांनी घालून दाखवावा.

माझ्या भागात साठीतही जोत धरणारे एक शेतकरी होते. पोटऱ्या ठणकू लागल्या तेव्हा त्यांनी तो लावणीचा शिणवटा मानला आणि कुळथाचे कळण पीत ते पडून राहिले. डोळे लाल झाले, मग पिवळे झाले. रुग्णालयात पोहोचले तेव्हा लघवी बंद झालेली होती. त्यांच्या आहारात काय सुधारायचे होते?

भारंगी

एका मृत्यूची गोष्ट सांगितली की समोरच्याने मान खाली घालावी, ही आरोग्य खात्याची जुनी रीत आहे. मी गोळीवर बंदी मागितलेली नाही. गोळी वाटली की काम संपले, या वृत्तीला माझा विरोध आहे. गोळीचेच म्हणाल, तर उत्तर अंदमानात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देऊन जो प्रयोग झाला, त्यात संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता.

आणि जंतूच्या मागे लागून आहार विसरण्याची खोड डॉक्टरांना आजची नाही. जावा बेटावर हातपाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरीचा जंतू शोधायला गेलेल्या डच डॉक्टर आइकमन यांना अखेर कांडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या. दोष जंतूचा नव्हता, कोंडा काढून टाकलेल्या तांदळाचा होता, आणि त्या कामाला १९२९ मध्ये नोबेल मिळाले. आपला उकडा तांदूळ कांडण्याआधी उकडला जात असल्यामुळे त्यातले बी-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. क्षयाचेही तेच आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य आणि डाळ दिली, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू तोच होता, ताट बदलले होते. त्याच वर्षी जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात निघाले. हे काय उंदरांमुळे?

शिवाय प्रकृती म्हणून काही असते. एकाच टोपातला बांगडा सगळे घर खाते आणि बाधतो एकालाच. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होते. पित्तप्रकृतीला उष्ण मासा सोसत नाही, म्हणून तर बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतात.

बंदरावरचा

बाकीचा वाद तुमचा तुम्ही मिटवा, पण बांगड्याला उगाच बदनाम करू नका. आमचे तीन पिढ्यांचे मासळीचे काम आहे. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते, आणि मासा उन्हात किंवा अपुऱ्या बर्फात राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झाले की तिरफळ घाला, कोकम घाला किंवा टोपभर उकळा, ते जात नाही. वासही येईलच असे नाही. जेवून उठता उठता तोंड तापते, खाज सुटते, डोके ठणकते, आणि घरातले म्हणतात, ‘पित्त उठले.’ हिस्टामिन सगळ्या माशांत सारखे नसते, एकाच माशाच्या दोन तुकड्यांतही कमी-जास्त असते, म्हणून एकाला बाधते आणि दुसऱ्याला नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मासा होडीत आला, तेव्हापासून बर्फ हवा. बर्फाचे कारखाने विजेवर चालतात, आणि वीज ऐन हंगामात जाते. लाद्या महाग, पाट्या तापलेल्या, लिलाव उघड्यावर. या साखळीबद्दल एक शब्द न लिहिता लोकांची प्रकृती तपासणे सोपे आहे.

सुरंगी

म्हणजे बाजारात बसणाऱ्या बायका बाधलेला मासा विकतात, असे आपण भरल्या सभेत सांगत आहात. माझी आई पाटीवर मासळी विकून आम्हाला शिकवती झाली. तिने गिऱ्हाइकाला गलफड उघडून दाखवल्याशिवाय मासा दिला नाही. गलफड लाल, डोळा वर आलेला, बोटाने दाबले तर खड्डा न राहणारा, एवढी पारख असलेल्या बाईला हिस्टामिनचा धडा कशाला?

बंदरावरचा

ताई, माझीही आई त्याच ओळीत बसत असे, त्यामुळे मला बायकांची बाजू शिकवू नका. दोष बाईचा नाही, हेच मी लिहिले होते. तिला बर्फ कोण पुरवतो, हा माझा प्रश्न आहे. लाल गलफडे ताजेपणाची खूण खरीच. पण होडीवर काही तास तापलेला आणि नंतर बर्फात घातलेला मासा त्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो. रागवा हवे तर, मासा रागाने थंड होत नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी

गणपतीला गावी आलो की मला दरवर्षी एकच दृश्य दिसते. पूर्वी शेतावर चालत जाणारा माझा चुलतभाऊ आता दुचाकीवर जातो, भात मात्र पूर्वीच्याच मापाने जेवतो. पेजेचे गुणगान करणाऱ्यांनी पेज पचवणारे कष्टही मोजावेत. बांगड्याचे मला विचाराल तर आमच्याकडे गोठवलेलाच येतो आणि कोणाला काही होत नाही.

सुरंगी

गोठवलेला बांगडा खाणाऱ्यांनी या चर्चेत चवीबद्दल तरी बोलू नये.

आणि रोगाचे कारण ताटातच शोधणाऱ्या सगळ्यांना माझा एक प्रश्न आहे. सकाळी चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजायची, काळी करून चुरायची आणि बोटाने हिरड्यांना घासत अर्धा तास बसायचे, ही मशेरी आमच्या वाडीतल्या किती घरांत अजून आहे? पेज जेवणाऱ्या, मासे खाणाऱ्या, मैद्याला न शिवणाऱ्या बायका आहेत त्या. तोंडात पांढरा चट्टा उठला, तर उष्णता झाली म्हणून कोकमाचे सरबत पितात. आजे-पणज्यांच्या जीवनशैलीत हीदेखील होती. भारंगींच्या लेखात तिचा उल्लेख मला सापडला नाही, आणि आरोग्यसेवक महाशयांनीही तिचे नाव घेतले नाही.

कुडाळचा निवृत्त आरोग्यसेवक

मशेरीबद्दलचा टोला मी निमूटपणे घेतो. बर्फाचा विषय मात्र मूळ चर्चेपेक्षा मोठा झाला आहे, म्हणून मी परत लेप्टोवर येतो.

भारंगींनी अंदमानचा अर्धाच निष्कर्ष सांगितला. संसर्गात फरक नव्हता, हे खरे. पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण गोळी न घेतलेल्यांत ६.८२ टक्के, तर घेतलेल्यांत ३.११ टक्के होते. जंतू शरीरात शिरला तरी माणूस अंथरुणाला खिळला नाही, तर गोळीने आणखी काय करावे? बेरीबेरी, क्षय आणि मधुमेह यांबद्दल त्यांनी जे लिहिले ते बरोबर आहे, आणि ते लेप्टोला लागू नाही. कोंबड्यांची गोष्ट उलट दिशेनेही घडलेली आहे. पोटातला व्रण तिखटाने आणि काळजीने होतो, असे डॉक्टरसुद्धा मानत होते. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि २००५ मध्ये त्यांना सहकारी वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले. तोवर कित्येकांनी निष्कारण अळणी जेवण गिळले. तेव्हा प्रत्येक रोगाला त्याचे कारण वेगळे विचारावे लागते. माकडतापाचेच पाहा. २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात आला, तेव्हा काजूच्या बागांत जाणाऱ्यांना गोचीड चावत होती. ती ताट पाहून चावत नव्हती.

आणि बांगड्याबद्दल एकच पुरवणी जोडतो. क्षयावरच्या आयसोनियाझिड या औषधाने हिस्टामिनचा निचरा मंदावतो, म्हणून ते घेणाऱ्याला असा मासा अधिक लवकर बाधतो. ज्याला भारंगी प्रकृती म्हणतात, ती कधी कधी औषधाच्या पाकिटात असते.

भारंगी

आपल्या विद्वत्तेपुढे आम्ही अडाणी. ठीक आहे : चिखलात उतरणाऱ्याने गोळी घ्यावी, हे मी लेखात घालते, आपल्या समाधानासाठी. पण मग आपणही पूर्ण सांगा. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, हे वाटणारा सांगत नाही. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, हेही पाकीट हातात कोंबताना विचारले जात नाही. माझ्या जावेने उपाशीपोटी घेतली, बांधावरच ओकली आणि पुढच्या आठवड्यापासून बंद केली. पेज जेवून मगच गोळी, असे तुमच्या खात्याने फलकावर लिहिले असते, तर मला तो लेख लिहावा लागला नसता.

कुडाळचा निवृत्त आरोग्यसेवक

लिहावे, हे मान्य. सोबत पेलाभर पाणी प्यावे आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, हेही लिहावे. दुधाबरोबर मात्र घेऊ नये, ती नीट शोषली जात नाही.

बंदरावरचा

दोघांचे जमले, उत्तम झाले. आता मला कोणी सांगेल काय, की वीज गेल्यावर बर्फ कुठून आणायचा?